म्हशीच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन : अहवाल कितपत खरा मानावा?

म्हैस फळविल्यानंतर ती गाभण राहिली की उलटली, हे लवकर कळणे वसई-विरार परिसरातील तबेलेवाल्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे असते. कारण चारा व पेंड विकत घेऊन भाकड जनावर पोसणे कोणासही परवडत नाही. म्हशींत मुका माज पुष्कळ, त्यातही उन्हाळ्यात अधिक. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ती उलटल्याचे समजेलच असे नाही. अशा वेळी रक्तातील प्रोजेस्टेरॉन ह्या संप्रेरकाची तपासणी उपयोगी पडते.

हे संप्रेरक अंडाशयावरील पीतपिंडातून स्रवते. माजाच्या दिवशी ते दर मिलिलिटरला एक नॅनोग्रॅमहूनही, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही, कमी असते. पुढे ते वाढते आणि गर्भ न राहिल्यास एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा उतरते. इतकी सूक्ष्म मात्रा मोजण्याची रीत रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मुळात इन्शुलिनसाठी शोधली. यॅलो यांना त्याबद्दल १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तत्पूर्वीच, १९७२ मध्ये, वारले होते.

फळविल्यापासून २१ ते २४ दिवसांत घेतलेल्या रक्तात प्रमाण खरोखर कमी असेल, तर म्हैस गाभण नाही हे जवळजवळ निश्चित. परंतु प्रमाण जास्त आढळले म्हणजे ती गाभणच, असे नव्हे. माज चुकीचा ओळखला गेला असेल, अथवा रोगामुळे पीतपिंड टिकून राहिला असेल, तरीही आकडा मोठाच येतो. शिवाय त्या दिवशी असलेला गर्भ पुढे जिरूनही जातो. ह्यासाठी फळविण्याच्या दिवशीही एक नमुना घ्यावा. तोच जास्त निघाला, तर माजच खरा नव्हता. दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत द्यावेत आणि दोन महिन्यांनी पशुवैद्यकाकडून हाताने तपासून घ्यावे.

कमी आकड्यावर विसंबण्यापूर्वी मात्र नमुना कसा नेला, हे विचारावे. गुरांचे रक्त उबेत तसेच राहिले, तर त्यातील तांबड्या पेशी प्रोजेस्टेरॉनचे रूपांतर दुसऱ्या द्रव्यात करतात व आकडा तासागणिक घटतो. विरारहून मुंबईस जाणाऱ्या लोकलमध्ये खिशात नेलेली नळी अशा रीतीने गाभण म्हशीस रिकामी ठरवू शकते. मग तिला माजावर आणण्याकरिता प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन दिले, की पीतपिंड विरघळून चांगला गर्भ पडतो. वस्तुतः आकडा खरा असता, तर त्या वेळी विरघळविण्याजोगा पीतपिंडच नसता आणि इंजेक्शन व्यर्थ गेले असते. म्हणजे अशा अहवालावर लगेच सुई टोचण्यात लाभ कोणत्याच बाजूने नाही.

रक्त काढताच नळी बर्फाच्या पेटीत ठेवावी, शक्य तितक्या लवकर रक्तद्रव वेगळा करून घ्यावा व नळीवर म्हशीच्या बिल्ल्याचा क्रमांक, फळविल्याची तारीख आणि रक्त काढल्याची वेळ लिहावी.