लग्नाआधी तिला सांग

मिरज, कार्तिक वद्य पंचमी

चि. अमोल,

तू नुसता मला फोटो पाठवून थांबला नाहीस, पुण्यात त्वचारोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवलंस, हे फार बरं केलंस. रिपोर्ट वाचले. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल दोन्ही निगेटिव्ह आहेत. व्हीडीआरएल ही सिफिलिसची तपासणी त्यांनी आधी करून घेतली, कारण सिफिलिसमध्येही जननेंद्रियाच्या भागात चपटे, ओलसर उंचवटे येतात आणि वरवर पाहणाऱ्याला ते चामखिळीच वाटतात. ते पेनिसिलिनने बरे होतात. तुझं तसलं काही नाही. तुला एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे आलेल्या चामखिळी आहेत आणि त्यांवर उपचार आहेत.

पण तुझा खरा प्रश्न दुसराच आहे. लग्न वैशाखात, तोवर हे जाईलच, मग होणाऱ्या बायकोला सांगायची गरज काय, असं तू विचारलंयस. माझं उत्तर एकच आहे. सांगायचं, आणि ते लग्नाआधी. का, ते नीट समजून घे.

हा विषाणू रक्तातून फिरत नाही. कातडीला डोळ्यांना दिसणारही नाही इतकं खरचटलेलं असलं, की तिथून तो सर्वांत खालच्या थरात शिरतो. त्या थरातल्या पेशी रोज थोड्या थोड्या वर सरकतात, त्यांच्याबरोबर तोही वर येतो आणि झडणाऱ्या पेशींतून बाहेर पडतो. कातडीला कातडी घासली एवढं त्याला पुरतं. लागण झाल्यावर चामखीळ दिसायला साधारण दोन-तीन महिने जातात, कधी त्याहून बरेच जास्त. कित्येकांना ती कधीच दिसत नाही, तरी विषाणू असतो आणि दुसऱ्याला लागतो. म्हणून हे आपल्याला कोणाकडून आलं याचा शोध घेत बसू नकोस. असा शोध लागत नाही, आणि त्या नादात माणसं एकमेकांवर नको ते आरोप करून बसतात.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर द्रव नायट्रोजन वापरतील. टोकाशी फवारा धरला की चामखीळ आणि भोवतालची बारीक कड पांढरी पडते, जणू मिठाचा थर बसला. काही सेकंद चांगलंच झोंबतं. मग फोड येतो, खपली धरते, आठ-दहा दिवसांत ती पडते. एका बैठकीत भागत नाही, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा जावं लागतं. यात जातो तो दिसणारा भाग. शेजारच्या नितळ कातडीत विषाणू राहू शकतो, म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांत चामखिळी पुन्हा उगवलेल्या आम्ही नेहमी पाहतो. बहुतेकांचं शरीर दोनेक वर्षांत त्याला काबूत आणतं. पण अमुक दिवशी तो गेला असं सांगणारी तपासणी पुरुषांसाठी नाही. ‘आता माझ्याकडून तिला धोका नाही’ असं मी लिहून देऊ शकत नाही, तुझे डॉक्टरही देणार नाहीत. मग ते तू तिच्या वतीने परस्पर ठरवायचं, हे मला पटत नाही.

निरोध वापरायचाच. मात्र तो झाकतो तेवढ्याच कातडीचं रक्षण करतो. जांघ, अंडकोष, शिश्नाचं मूळ हे उघडंच राहतं. त्यामुळे त्याने धोका कमी होतो, संपत नाही. चामखिळी असेपर्यंत संबंध टाळणंच योग्य.

आता लसीचं. आपल्याकडे तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस म्हणतात आणि मुलींच्या आयांशीच तिच्याबद्दल बोलतात. एचपीव्हीचे प्रकार अनेक आहेत. कर्करोगाला मुख्यतः १६ आणि १८ कारण होतात, तर दहांतल्या नऊ चामखिळींमागे ६ आणि ११ असतात. ब्रिटनने २००८ साली मुलींना लस द्यायला सुरुवात केली तेव्हा तिच्यात फक्त १६ आणि १८ होते. चामखिळींना आळा घालणारी चार प्रकारांची लस त्यांनी २०१२ मध्ये घेतली. ऑस्ट्रेलियाने ती पहिल्यापासून, म्हणजे २००७ पासूनच शाळांमध्ये दिली. तिथल्या लैंगिक आरोग्य केंद्रांत आलेल्या २१ वर्षांखालच्या स्त्रियांमध्ये २००७ साली ११.५ टक्क्यांना चामखिळी सापडल्या होत्या, २०११ मध्ये ०.८५ टक्के. माझ्या विद्यार्थ्यांना मी याच्या पुढचा आकडा मुद्दाम सांगतो. त्याच वयाच्या, स्त्रियांशीच संबंध असलेल्या पुरुषांमध्ये हे प्रमाण १२.१ वरून २.२ वर आलं, आणि तिथे मुलग्यांना लस सुरू झाली २०१३ साली! मुलींना टोचलं, मुलगे वाचले. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक जानेवारी २०२३ मध्ये आली. तिच्यात ६, ११, १६, १८ हे चारही प्रकार आहेत आणि ती ९ ते २६ वयाच्या मुलामुलींसाठी आहे.

तुझी होणारी बायको पंचवीस वर्षांची. पंधराच्या पुढच्यांना तीन डोस लागतात, पहिला आज धरला तर दुसरा दोन महिन्यांनी, तिसरा सहा महिन्यांनी. कार्तिकात सुरुवात केली तर वैशाखात तिसरा होतो. तिला सांगायचं तर आत्ताच, असं मी म्हणतो त्याचं हेही कारण आहे. लागण व्हायच्या आधी टोचली तरच लसीचा पुरता उपयोग. तुझ्या आत्ताच्या चामखिळी तिने जाणार नाहीत. तू अजून घ्यावी की नाही, ते तुझ्या डॉक्टरांना विचार.

मधल्या काळात काही गोष्टी कटाक्षाने पाळ. त्या भागावर वस्तरा फिरवू नकोस, पात्याबरोबर विषाणू शेजारी पसरतो आणि ओळीने नव्या चामखिळी उगवतात. खाजवू नकोस. हातापायाच्या चामखिळींचं औषध तिथे लावू नकोस. आणि गावाकडचे उपाय तर मुळीच नकोत. चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावलेले, घोड्याचा केस आवळून बांधलेले रुग्ण आमच्या ओपीडीत येतात. जखम चिघळलेली असते, चामखीळ मात्र तिथेच. सिगारेट सोड, ओढणाऱ्यांमध्ये हा विषाणू चिवटपणे टिकतो.

सांगायचं कसं, तर समोर बसून. व्हॉट्सॲपवर नको, मध्यस्थांकडून तर नकोच. तिला दोन भीती वाटतील, कर्करोगाची आणि मुलांची. ६ आणि ११ सहसा कर्करोग करत नाहीत, पण एका माणसात एकाहून अधिक प्रकार असू शकतात. म्हणून तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी तिने करून घ्यावी, जशी सगळ्याच बायकांनी घ्यावी. गरोदरपणात चामखिळी वाढू शकतात, बाळाच्या घशात त्या येणं फार क्वचित घडतं, आणि केवळ त्यासाठी सिझेरियन करत नाहीत. मूल होण्यात यामुळे अडचण येत नाही.

ती नाही म्हणेल, हेही शक्य आहे. तुला फार लागेल, आम्हालाही लागेल. तरी तो तिचा अधिकार आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढून या गोष्टी मराठीत उघड लिहिल्या, त्यापायी कोर्टाच्या फेऱ्या मारल्या. इतक्या वर्षांनी एका शिकलेल्या मुलाला आपल्या होणाऱ्या बायकोशी हे बोलता येत नसेल, तर मला त्याचं वाईट वाटेल.

तिला काही विचारायचं असेल तर माझा नंबर दे. ती एकटी बोलली तरी चालेल, आणि ती मला जे सांगेल ते मी तुलाही सांगणार नाही. तुझ्या आईला मी काही बोललेलो नाही. पहिली बैठक झाली की कळव. फोड फार दुखला किंवा पू झाला तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

तुझा,
मामा