कल्पना माझी! पण पुरावा कुठाय?



विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आमच्या चिकलठाण्याच्या वर्गात दोन मुलींचं भांडण झालं. पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटा दोघींनी मिळून केली होती. पण "कल्पना माझी" असं दोघीही म्हणत होत्या. मी विचारलं, "कुठं लिहून ठेवलंय का?" एकीच्या रफ वहीत आकृती सापडली, पण तारीखच नाही! मग पाटीवर दोघींची नावं लिहिली.

आपल्या एमआयडीसीत कुणी नवं यंत्र शोधलं तर तिथंही हाच प्रश्न येतो. पेटंटचा अर्ज कंपनी करू शकते, पण शोधक म्हणून माणसाचंच नाव द्यावं लागतं. त्यासाठी फॉर्म 5 असतो. 'खरा आणि पहिला शोधक' कोण, हे त्यात जाहीर करून सही करायची. आता सही काय, कुणीही ठोकेल. वाद झाला की सहीमागं पुरावा लागतो.

हळदीचंच बघा. 1995 मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. तिथं शोधकांना शपथेवर सांगावं लागायचं, की हे पहिल्यांदा आम्हीच शोधलं. तुमचा गुडघा फुटल्यावर आजीनं हळदच लावली असेल ना? पण दुसऱ्या देशातला नुसता वापर तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात धरत नव्हते, छापील मजकूर हवा होता. मग सीएसआयआर या आपल्या संस्थेनं 32 संदर्भ दिले. तेव्हा तिचे महासंचालक होते मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. त्या संदर्भांत जुना संस्कृत मजकूर होता, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 चा एक लेखही. (मला तर हा लेखच जास्त भारी वाटतो. लिहिणाऱ्याला काय ठाऊक, 40 वर्षांनी तो कामी येईल!) 1997 मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले.

मग तुम्ही काय कराल? सुटे कागद नकोत, शिवलेली वही घ्या. रोज तारीख टाका. चुकलं तर खोडरबर नको, एक रेघ मारा. फसलेला प्रयोगही लिहा. आणि पानावर अशा माणसाची सही घ्या, ज्याला ते समजलंय पण शोधात त्याचा वाटा नाही. मात्र एक ध्यानात ठेवा, भारतात आधी अर्ज करणाऱ्याला प्राधान्य मिळतं. त्यामुळं वही भरत बसून अर्ज लांबवायचा नाही.

त्या दोघींनी आता मिळून एक शंभर पानी वही केलीय. काल सही मागायला आल्या. मी म्हटलं, "आधी मला समजावून सांगा." मधली सुट्टी त्यातच गेली.