चिमट्यातील हवा

(द्वितीय वर्ष कला)

वार्षिकांकासाठी विषय विचारला तेव्हा मी ‘सायकलच्या चिमट्यातील हवा’ असे सांगितले आणि वर्गात हशा पिकला. कला शाखेच्या विद्यार्थ्याने ग्रामीण कथा लिहावी, फार तर एखादी कविता, असा प्रघात आहे. परंतु गेले वर्षभर माझे कॉलेजला येणेजाणे या हवेवर अवलंबून होते, म्हणून त्याविषयीच लिहीत आहे.

आमची वस्ती बावड्यापासून नऊ किलोमीटरवर, कालव्याच्या अंगाला. पहिल्या तासाला पोहोचेल अशी एसटी नाही. पुण्यास नोकरीला असलेल्या मावसभावाने आपली जुनी माउंटन सायकल मला दिली. तिच्या पुढच्या चिमट्यात लोखंडी स्प्रिंग नसून कोंडलेली हवा आहे. सायकल मिळाली त्या आठवड्यात मी ऐटीत होतो. मग गळिताचा हंगाम सुरू झाला, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा तोडल्या आणि माझे हात बधिर होऊ लागले. पहिल्या तासाला बोटांत पेन धरवत नसे. निम्म्या टिपणांची अक्षरे आज मलाच लागत नाहीत.

मावसभावाचे वजन ७८ किलो, माझे ५४. चिमट्यातील हवा त्याच्या वजनाला भरलेली. हे ध्यानात आल्यावर मी ती कमी केली. हातांना आराम पडला, पण कालव्याच्या पुलाचा उंचवटा उतरताना चिमटा तळाला आदळून ‘खाड्’ असा आवाज येऊ लागला. पुन्हा भरावी तर हात बधिर, सोडावी तर आदळआपट. एका दुकानदाराने नवा चिमटाच घ्या म्हणून सांगितले. किंमत ऐकून मी सायकल हातात धरून बाहेर आलो.

अण्णांना हे सांगितले. ते उसाची टायरगाडी हाकतात. ते म्हणाले, “टायर दगडावानी भरला की बैलाच्या खांद्याला कळतं, आन् कमी भरला की त्याच्या पायाला.” म्हणजे अडचण माझी एकट्याची नव्हती. १८८८ साली बेलफास्टला डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेचे टायर बसवले, तेव्हापासून माणूस हवेवर बसून प्रवास करतो आहे. मुंबई-पुणे मार्गावरील शिवनेरी बसखालीही पोलादी कमानपाट्यांऐवजी हवेचे फुगे असतात. पण टायरमध्ये आपल्या हाती एकच गोष्ट असते, हवेचा दाब. चिमट्यात आणखी एक असते, ती म्हणजे हवेला दिलेली जागा. हे कळायला मला अकरावीच्या विज्ञान शाखेतील शेजाऱ्याचे पुस्तक मागून आणावे लागले.

सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून दट्ट्या ढकलून पाहा. सुरुवातीला तो सहज जातो, शेवटी हटत नाही. जागा निम्मी झाली की दाब दुप्पट होतो, हा रॉबर्ट बॉइल यांचा १६६२ सालचा नियम. लोखंडी स्प्रिंग प्रत्येक इंचाला सारखाच जोर वाढवते, हवा मात्र शेवटी शेवटी एकदम ताठ होते.

आता सोपे आकडे घेऊ. चिमट्यात हवेचा १५ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ आहे आणि चिमटा १० सेंटिमीटर दबतो असे समजा. पंपावर ५५ पौंड दिसत असतील तर वातावरणाचा सुमारे १५ पौंड दाब मिळवून ७० धरावे लागतात. (हे मिळवायचे विसरून मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या.) २ सेंटिमीटर दबल्यावर ७० चे ८१ होतात. पूर्ण दबल्यावर ५ सेंटिमीटरच स्तंभ उरतो, म्हणजे २१०. आता आत प्लॅस्टिकचा ठोकळा बसवून स्तंभ १४ सेंटिमीटरचा केला. २ सेंटिमीटरला दाब येतो ८२, जवळजवळ पहिल्याइतकाच. पण शेवटी ४ सेंटिमीटर उरतात आणि दाब होतो २४५. सुरुवात मऊ ती मऊच राहिली, तळ मात्र भक्कम झाला. प्रत्यक्षात झटक्याने दबलेली हवा तापते, म्हणून दाब याहूनही थोडा चढतो. रॉकशॉक्स कंपनी अशा ठोकळ्यांना टोकन म्हणते. माझ्या चिमट्याला लागणारे दोन टोकन मावसभावाने पुण्याहून पाठवले.

यापुढची सुधारणा अधिक खर्चाची. वरच्या कोठीतील हवा दट्ट्याला सतत खाली रेटत असते, त्यामुळे बारीक खड्ड्यावर चिमटा हलायलाच तयार नसतो. म्हणून दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूस उलट रेटणारी लहान कोठी असते, तिला निगेटिव्ह चेंबर म्हणतात. ती फार लहान असेल तर चिमटा थोडा दबताच तिचा दाब ओसरतो आणि मदत संपते. मोठी असेल तर मदत लांबवर पुरते. रॉकशॉक्सने आपल्या जुन्या सोलो एअर रचनेनंतर डेबोनएअर ही मोठ्या कोठीची रचना आणली. अनेक जुन्या चिमट्यांत आतील दांडा तेवढा बदलून ती बसवता येते. मात्र मोठ्या कोठीमुळे चिमटा थोडा जास्त बसतो, म्हणून वर दोन-चार पौंड वाढवावे लागतात. माझ्या चिमट्याचा दांडा मिळतो, पण तो पुढच्या वर्षीच्या फीइतका पडतो. तो मी घेतला नाही.

टोकन बसवताना एक गोष्ट जिवाची आहे. वरचे झाकण सैल करण्यापूर्वी वॉल्व्हमधून सगळी हवा सोडा, नाहीतर झाकण गोळीसारखे सुटते. बहुतेक चिमट्यांत हवा डाव्या पायात असते, उजव्या पायात उसळी आवरणारे तेल असते, त्याला हात लावू नये. भरताना शॉकअपचाच लहान पंप वापरावा, साधा पंप एका दाबातच फार हवा ढकलतो. थोडे भरून चिमटा सावकाश दहा-बारा वेळा दाबावा, म्हणजे दोन्ही कोठ्यांत हवा सारखी होते. मग पुन्हा मोजावे. नळीवर रबराची कडी असते. सायकलवर शांत बसून उतरल्यावर ती १०० मिलिमीटरांपैकी १५ ते २० मिलिमीटर सरकली तर हवा आपल्या वजनाला जुळली.

पहिला टोकन बसवला तेव्हा पुलावर आवाज आला, पण बारीक. दुसरा बसवला. त्या दिवशी घरी येऊन कडी मोजली तर ९१ मिलिमीटर. आवाज नाही. दाब ५२ पौंडांवर ठेवला आहे आणि पहिल्या तासाची टिपणे आता मैत्रिणी-मित्र मागून नेतात. अण्णांनी पंप दोनदा उलटसुलट पाहिला आणि याने गाडीचे टायर भरता येतील का, असे विचारले. येत नाहीत. एवढ्या छोट्या पंपाला त्या टायरसाठी सकाळची संध्याकाळ होईल.