हापसा उघडण्याआधी

माझे वडील जालन्यात हापसे दुरुस्त करायचे. १९७२च्या दुष्काळात गावोगावी बोअर घेतले गेले. त्यांवरचे हापसे पुढची कित्येक वर्षं वडिलांनी सायकलला पान्हे बांधून, उन्हातान्हात हिंडून चालू ठेवले. मी बँकेत चिकटलो. जन्मात एक वायसर बदलला नाही. पण जेवताना त्यांच्या तोंडून इतकं ऐकलं होतं की ते काम आपल्याला येतं, असं मला पन्नाशी उलटली तरी मनापासून वाटायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी फजिती त्यातूनच निघाली.

२०१८च्या जानेवारीत पुण्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतले आम्ही चौघं युगांडाला मिशन ट्रिपला गेलो. बाकी सातजण इतर देशांतले. पूर्वेकडचा तेसो मुलूख, सोरोटीच्या पुढचं एक गाव, मुक्काम अठरा दिवसांचा. शाळेची एक खोली बांधायला हात लावायचा, मुलांचे बायबल वर्ग घ्यायचे आणि रविवारी एकेकाने साक्ष द्यायची, असा बेत होता. निघताना पाळकसाहेबांनी आमच्यासाठी प्रार्थना केली, फोटो काढले. आम्ही जणू अंधारात दिवा घेऊन निघालो होतो!

दिवा तिथे आधीपासून होता. युगांडात मिशनरी १८७७ मध्ये पोचले. दहा वर्षांच्या आत तिथल्या बुगांडा राज्याच्या राजाने कितीतरी तरुण ख्रिस्ती लोकांना मारलं, काहींना जिवंत जाळलं. त्या हुतात्म्यांसाठी आजही ३ जूनला देशभर सुट्टी असते. आमच्या अकराजणांत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जायच्या आधी निदान एवढं तरी वाचून जा. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी विश्वास जपला, त्यांना आपण पहिला धडा द्यायला उभे राहतो तेव्हा ते हसत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

तेसो भाषेत भेटल्यावर ‘योगा’ म्हणतात. पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईने हात पुढे करून ‘योगा!’ म्हटलं. मला वाटलं, मी भारतातला म्हणून आसनं करून दाखवायला सांगतेय. जेवायला आताप, म्हणजे नाचणी-ज्वारीच्या पिठात कसावाचं पीठ मिसळून केलेला घट्ट गोळा. आपल्या उकडीचा थोरला भाऊच. नाचणीचं मूळ पूर्व आफ्रिकेतलंच, तेव्हा भाऊ कशाला, आजोबा म्हणू.

तिसऱ्या दिवशी पाण्याला गेलो आणि थबकलो. आंब्याखाली हापसा. वर तीच लोखंडी पेटी, तोच लांब दांडा, आत तीच साखळी. आमच्या जालन्यात मिशनच्या कामातल्या लोकांनी ओतीव लोखंडाच्या मोडक्या पंपांना कंटाळून पोलादी पंप बनवला होता. सोलापुरात त्याच्यात सुधारणा झाल्या आणि त्याच वाटेने सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. युगांडात त्याला ‘यू टू’ म्हणतात. घरापासून हजारो मैलांवर वडील भेटल्यासारखं वाटलं. डोळे भरून आले, आणि तिथेच डोकं फिरलं.

हापसा रडतखडत चालत होता. वीस-पंचवीस वेळा दांडा मारला की पाणी यायचं, तेही तांबूस. बायका-पोरं पिवळे जेरीकॅन लावून तासन्‌तास थांबलेली. मी निदान केलं : वायसर गेलेत. तिथल्या पाळकांना म्हटलं, मी दुरुस्त करतो. ते म्हणाले, ‘‘चांगलं आहे. पाणी समितीच्या लोकांशी बोलू या.’’ दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, ‘‘त्या टोटो माहेरी गेल्यात, आल्या की बोलू.’’ टोटो म्हणजे आई, वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात. समितीचे पैसे त्यांच्याकडे असायचे. मी मनात म्हटलं, इथल्या लोकांना घाईच नाही.

पाहुण्याला तोंडावर ‘नको’ म्हणायची त्यांची रीत नाही. आपली तरी कुठे आहे? ‘बघू’, ‘बोलू’, ‘त्या आल्या की’ याचा अर्थ आपल्या आजीने सांगितला असता तर मला लगेच कळला असता. परक्या मुलखात मात्र तोच नकार मला आळस वाटला.

पाचव्या दिवशी बांधकामावरून पाइप पान्हा आणि दोर आणला. सहा तरुण पोरं मदतीला आली, कारण पाहुण्याने बोलावलं होतं. मार्क टूमध्ये वायसर बदलायचा तर खालचा सिलिंडर वर काढावा लागतो, म्हणजे तीन-तीन मीटरचे सगळे पाइप एकेक करून उपसायचे. उपसताना खालचं वजन धरून ठेवायला शिकंजा लागतो. तो समितीच्या पेटीत होता आणि पेटीची किल्ली टोटोंकडे. आम्ही दोराने आणि लाकडाच्या ओंडक्याने भागवलं. तीन पाइप निघाले. चौथ्याचा सॉकेट फिरवताना गंजलेले आटे एकदम सुटले. दोर घसरला. खालून जो आवाज आला तो अजून कानात आहे. उरलेले पाइप, सळया, सिलिंडर, सगळं बोअरमध्ये.

रडतखडत का होईना, पाणी येत होतं. आता थेंब नाही.

पंप मेकॅनिक दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून आला. माझ्याहून वीस वर्षांनी लहान. ओरडला नाही. मी काढलेला पाइप उचलून त्याने मला उन्हात धरून दाखवला : ठिकठिकाणी भोकं. वायसर ठीक होते. पाणी पाइपमधूनच गळत होतं, आणि तांबडा रंग त्या गंजाचा. आमच्या काळ्या दगडातल्या पाण्यात जस्ताचा पाइप वर्षानुवर्षं टिकतो. पाणी जिथे किंचित आम्लाचं असतं तिथे जस्त उतरतं आणि लोखंड खाल्लं जातं. त्याला हे वर्षभर आधी कळलं होतं. स्टेनलेस स्टीलच्या पाइपसाठी समिती घरटी वर्गणी जमवत होती आणि पैसे पुरे होईपर्यंत हापसा उघडायचा नाही, असं ठरलं होतं. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं. वडिलांचं ज्ञान जालन्याच्या जमिनीचं होतं. मी ते न शिकता, नुसतं ऐकून, तेसोच्या जमिनीत उतरवलं.

पडलेलं सामान काढायचा गळ जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायला आणि काम व्हायला नऊ दिवस गेले. नऊ दिवस बायका दलदलीकाठच्या झऱ्यावरून पाणी आणत होत्या. मधल्या रविवारी साक्ष द्यायची पाळी माझी, आणि मी पुण्याहून तयार करून आणलेला भाग होता योहानाचा चौथा अध्याय : शोमरोनी बाई आणि विहीर. उभा राहिलो आणि समोर ओल्या डोक्याच्या, जेरीकॅन बाहेर ठेवून आलेल्या बाया. त्या गोष्टीत येशू आधी पाणी मागतो. त्याच्यापाशी पोहरासुद्धा नसतो. कैकदा वाचलेलं, पण लक्षात आलं ते तिथे उभं राहिल्यावर. मी माफी मागितली आणि खाली बसलो.

म्हणून आता आमच्या मंडळीतून कुणी निघालं की मी आधी विचारतो : तुम्हाला कुणी बोलावलंय? संस्थेने नव्हे, गावाने. आणि कशासाठी? जे काम करणार ते करणारा माणूस तिथे आहे का, आणि त्याचं अडलंय कुठे? बहुतेक वेळा अडलेलं असतं ते पैशावर किंवा सुट्या भागावर. हातांची कमी नसते. मेकॅनिकने हिशेब मांडला तेव्हा माझ्या एकट्याच्या विमान तिकिटात हापशाचे सगळे पाइप बसत होते. तरीही जायचं असेल तर जा, माणसं भेटतात. पण पहिला आठवडा नुसतं ऐका. घरी ज्या कामाला कुणी हात लावू देणार नाही ते तिथे करू नका. औषधोपचार तर मुळीच नको. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकन मिशनरी बाईंवर जिंजामध्ये कुपोषित मुलांच्या उपचारांवरून आमच्या ट्रिपच्या पुढच्याच वर्षी खटला झाला, तो २०२० मध्ये तडजोडीने मिटला. ते वाचताना मला माझा पान्हा आठवला. मी पाइप पाडला, एवढ्यावर निभावलं.

प्रकृतीचं थोडक्यात. पीतज्वराची लस सरकारने ठरवलेल्या केंद्रातच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. ते नसेल तर परत येताना भारतात सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. हिवतापाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा. माझी डॉक्सिसायक्लिन होती. ती परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. मी पुण्यात उतरलो, ‘आता कसले डास’ म्हणून सोडली. बाराव्या दिवशी हुडहुडी भरली. डॉक्टरांना ‘प्रवासाचा शीण असेल’ म्हणालो, युगांडाचं नावच काढलं नाही. दोन दिवस वाया गेले. तिथला हिवताप बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, जीव घेणारा. ताप आला की पहिलं वाक्य ‘मी आफ्रिकेतून आलोय’ हे असलं पाहिजे.

आम्ही निघायच्या आधी हापसा चालू झाला. समितीच्या नियमाप्रमाणे नुकसान करणाऱ्याने भरपाई द्यायची होती. आमच्या गटप्रमुखाला ती देणगी म्हणून द्यायची होती, चर्चमध्ये टाळ्यांत. टोटोंनी मान हलवली. वही उघडली, शेवटी घरटी वर्गणीच्या रकान्याखाली माझं नाव घातलं, शिलिंग दोनदा मोजले आणि पावती फाडली. ती पिवळ्या कार्डाच्या पाकिटात आहे. कारणाच्या ओळीत लिहिलंय : न विचारता बोअर उघडला.