चाळ बांधण्याआधी

शृंगारिक नाच शिकतेय म्हटलं की काही माणसं नाक मुरडतात आणि काही ‘बिनधास्त कर, लाजू नकोस’ म्हणून पाठ थोपटतात. नाक मुरडणाऱ्यांनी माझं फारसं नुकसान केलं नाही. बिनधास्तपणाचा आग्रह धरणाऱ्यांपासून मात्र मला स्वतःला जपायला शिकावं लागलं. लावणी शिकू बघणाऱ्या मुलींसाठी, आणि चाळिशीत पहिल्यांदा पाऊल उचलू पाहणाऱ्या बायकांसाठीही, हे लिहिते आहे.

मी डोंबिवलीची. नोकरी ठाण्यात. संध्याकाळच्या लोकलनं उतरायचं आणि स्टेशनातून थेट क्लास गाठायचा, असा क्रम होता. क्लासचं नाव घेत नाही. तसे क्लास कळव्यापासून कल्याणपर्यंत पुष्कळ आहेत. २०१० साली ‘नटरंग’ आला आणि लावणीची हौस मध्यमवर्गीय घरांत उघडपणे शिरली. हे फार चांगलं झालं. पण गॅदरिंग, गणपती, हळदीकुंकू यांच्यासाठी सिनेमातलं एखादं गाणं झटपट ‘बसवून’ देण्याचा धंदाही त्यासोबत वाढला. आमच्या क्लासात पहिल्याच आठवड्यात पायांत चाळ बांधले. खाली स्लॅबवर बसवलेल्या लाद्या, समोर आरसा, आणि सरांचा एकच धोशा, ‘कंबर! कंबर!’ शरीर गरम करायला वेळ नाही, नाचून झाल्यावर ताण देणं नाही. माझा डावा गुडघा सुजला तेव्हा ‘सवय होईल’ असं उत्तर मिळालं.

सवय झाली नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं ते प्रत्येकीनं ध्यानात ठेवावं. मांडीचे स्नायू तयार नसताना घोट्यावर वजन बांधून कडक जमिनीवर टाच आपटली, की तो धक्का गुडघा घेतो. फडातल्या जुन्या बायका पायांत काही किलोंचे चाळ घेऊन रात्र काढायच्या हे खरं, पण त्यांचे पाय लहानपणापासून त्यासाठी घडलेले असायचे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्या पायांना ती तयारी द्यावी लागते. आधी अनवाणी, चाळाशिवाय, जाड सतरंजीवर किंवा लाकडी जमीन मिळाली तर तिच्यावर. मग थोडे घुंगरू, मग जास्त. सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम करत असाल तर खालच्या मजल्यावरच्यांचीही त्यामुळे तक्रार येत नाही.

गुडघा बरा होईपर्यंत उभं राहून नाचायचं नव्हतं. त्याच काळात मला माई भेटल्या. संगीतबारीत उमेदीची वर्षं घालवलेल्या, आता कल्याण पूर्वेला लेकीकडे राहणाऱ्या. ‘माझं नाव छापायचं न्हाई’ असं त्यांनी बजावलं आहे. त्यांनी मला सतरंजीवर बसवलं आणि म्हणाल्या, ‘उठायचं न्हाई. हितनंच सांग.’

बैठकीची लावणी ती हीच. वाईच्या यमुनाबाई वाईकर या प्रकारातलं मोठं नाव. १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ साली पद्मश्री, आणि २०१८ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, त्या गेल्या. या परंपरेत गायिका बसूनच अदा करते. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी तिचा अर्थ बदलतो. एकदा रुसवा, एकदा आर्जव, एकदा सरळ टोमणा. कंबर, गिरकी, पावलं यांपैकी काही हाताशी नसतं. डोळे, भुवई, मान, मनगट आणि पदर एवढ्यावर सगळं उभं करायचं. माई म्हणायच्या, ‘डोळा आधी उचल, मान मागनं. मान आधी गेली की लोक मान बघत्यात, तुला न्हाई.’

नवख्या मुलीनं सुरुवात इथून करावी असं माझं ठाम मत झालं आहे. शृंगार हा अंगाच्या झटक्यात नसतो. तो थांबण्यात असतो. धुमाळीच्या आठ मात्रांत नजर कुठल्या मात्रेला द्यायची आणि कुठल्या मात्रेला काढून घ्यायची, हे कळलं की अंग आपोआप शांत होतं. आणि शांत अंगाकडे लोक जास्त लक्ष देऊन बघतात.

शब्दांचा अर्थ माहीत असणं हे त्याच्याही आधीचं. रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ हे सगळे लिहिणारे पुरुष, पण त्यांच्या कितीतरी लावण्यांत बोलते ती बाई. ती वाट बघते, अडवते, हक्कानं मागते, सवतीवरून भांडते. ती नेमकी कोण, किती वयाची, कुणाशी बोलते आहे, हे नाचणारीनं आधी ठरवायचं. मी माईंसमोर प्रत्येक लावणी आधी साध्या बोलीत सांगून दाखवत असे. सांगता आली नाही तर त्या दिवशी ढोलकी निघत नसे. आत्मविश्वास म्हणून जे काही आज माझ्याकडे आहे ते त्या सांगण्यातून आलं. काय बोलायचं आहे हे ठाऊक असलेली बाई प्रेक्षकांसमोर अवघडत नाही.

बाकीचा आत्मविश्वास अगदी साध्या गोष्टींतून येतो. नऊवारी सुटणार नाही याची खात्री ही त्यातली पहिली. शिवलेली नऊवारी घाईत बरी, पण स्वतः घट्ट काष्टा घालायला शिका आणि निदान शेवटच्या तालमी पूर्ण वेषात करा. खोपा, नथ, कमरपट्टा, सगळं चढवून. ऐन गिरकीत पदराची काळजी वाटू लागली की चेहऱ्यावरची लावणी संपते. पहिला प्रयोग शक्य तर केवळ महिलांसाठीच्या कार्यक्रमात करा. गडकरी रंगायतन, आचार्य अत्रे रंगमंदिर, सावित्रीबाई फुले कलामंदिर अशा बंदिस्त नाट्यगृहांत नाचणं आणि मैदानात नाचणं यांत फार अंतर आहे, ते मी भोगलं आहे.

कल्याणपलीकडच्या एका उत्सवाची सुपारी आली होती. फोनवर सांगितलं होतं की सभागृह आहे, कुटुंबं येतील, तीन लावण्या. प्रत्यक्षात उघडं मैदान, फळ्यांचा हलता मंच आणि कपडे बदलायला टेम्पोला बांधलेली चादर. दुसऱ्या लावणीला पोरं मंचावर चढू लागली. आयोजकांपैकी एकानं विंगेतून खूण केली, खाली उतरून लोकांत नाच. मी मानेनंच नाही म्हटलं. त्यानं पुन्हा खूण केली. तेव्हा आमच्या वयस्कर ढोलकीवाल्यांनी ढोलकीवर पंजा सपाट ठेवला. आवाज बंद. ‘चला ताई,’ ते म्हणाले. आम्ही सामान गोळा केलं आणि निघालो. उरलेली बिदागी कधीच आली नाही.

तेव्हापासून सुपारी मी कागदावर घेते. जागा बंदिस्त की उघडी, मंच किती लांब-रुंद, लावण्या किती, वेळ किती, प्रेक्षक आणि मंच यांत अंतर किती, दाराला कडी असलेली स्वतंत्र खोली, निम्मी रक्कम आधी, आणि मंचावर कुणी चढलं तर कार्यक्रम तिथेच थांबेल हे वाक्य. व्हॉट्सॲपवरचा होकारही चालतो, पण लेखी हवा. या अटी ऐकून जो आयोजक फोन ठेवतो त्याच्याकडे जायचंच नसतं. सोबत घरचं किंवा ओळखीचं एक माणूस न्या, जे कार्यक्रम बघणार नाही, खोलीच्या दाराशी बसेल.

कपडे बदलायच्या खोलीत आधी दिवे मालवून छत, आरसा, प्लगच्या जागा, झरोके बघा. महाराष्ट्रात नर्तकीचं चोरून चित्रीकरण होऊन ते पसरवल्याचा प्रकार घडलेला आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षांची शिक्षा होऊ शकते. गुन्हा कुठल्या हद्दीत घडला याचा विचार न करता जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. मैदान भिवंडीचं आणि तुम्ही डोंबिवलीच्या असलात तरी डोंबिवलीत जा. ‘असला नाच करता मग’ हे वाक्य तिथे ऐकू आलंच, तर ते तक्रारीला उत्तर नाही एवढं सांगून बसून राहा.

विठाबाई नारायणगावकरांची एक गोष्ट सगळीकडे अभिमानानं सांगितली जाते. पूर्ण दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. राष्ट्रपती पुरस्कार मिळालेली ही थोर कलावती २००२ साली गेली तेव्हा हलाखीत होती. त्यांच्यापुढे मी मान लववते. पण ती गोष्ट मुलींना आदर्श म्हणून सांगू नये. एवढं सोसूनही ज्या बाईच्या हाती म्हातारपणी काही उरलं नाही, तिच्याकडून आपण बिदागी चोख घ्यायला, दुखलं तर थांबायला शिकलं पाहिजे.

घरच्यांची समजूत कशी काढायची असं मला नेहमी विचारतात. भांडू नका. भूषण कोरगावकरांचं ‘संगीतबारी’ हे पुस्तक घरात आणून ठेवा, आईला किंवा सासूबाईंना एका चांगल्या प्रयोगाला सोबत न्या. माझ्या आईनं माझी लावणी पहिल्यांदा पाहिली ती बैठकीचीच. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, ‘डोळे माझ्या आईसारखे फिरवतेस.’

क्लास निवडताना शिकवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. चाळ कधी बांधणार, लावणीचा अर्थ सांगणार का, आणि मंचावर कधी उभं करणार. पहिल्या महिन्यातच मंच देतो म्हणाला तर फी भरू नका, दुसरा क्लास शोधा.