अधांतरी वाहन आणि धान्याचे पोते

इंदूरहून खंडव्याकडे जाताना सिमरोल ओलांडले की घाट लागतो, आणि तेथे एखादा मालट्रक आडवा झाला म्हणजे खानदेशाकडे निघालेला गहू तासन्‌तास जागचा हलत नाही, हे आपल्या व्यवसायातील सर्वांस ठाऊक आहे. अशा वेळी आमचे तरुण सभासद विचारतात की, जमिनीस न टेकता अधांतरी चालणारी वाहने दृष्टिपथात आली असता नव्या मालट्रकांत भांडवल कशास गुंतवावे? प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हे. त्यात कित्येक वर्षांच्या हप्त्यांचा संबंध आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. परंतु हा विषय मुळात वजनाचा आहे, आणि वजनाचा हिशेब आम्हांस येतो.

सपाट डांबरी रस्त्यावर 100 किलोचे पोते चाकांवरून पुढे न्यावयास सुमारे एक किलो वजनाइतका जोर पुरतो. लोखंडी रुळांवर तो दोन-अडीचशे ग्रॅमवर येतो. घाटात चढाप्रमाणे पाच-सहा किलो अधिक लागेल, इतकेच. तेच पोते हवेत धरावयाचे तर पंख्यांनी हवा सतत खाली लोटून सगळे 100 किलो तोलून धरावे लागतात, आणि त्यावर वाहनाचे स्वतःचे वजन, म्हणजे आपल्या भाषेत बारदान, निराळेच. उभा ट्रक काही खात नाही. अधांतरी वाहन मात्र जागच्या जागी थांबले तरी शक्ती खर्चीत असते. माल गोदामात पडून राहिला तरी सावकाराचे व्याज चालू राहते, तशातलाच हा प्रकार.

ही शक्ती आणावयाची कोठून? एक किलो डिझेलात साठलेली शक्ती एक किलो लिथियम बॅटरीच्या सुमारे चाळीसपट असते. इंजिनात बरीच वाया जाते हे धरले तरी दहापटीहून अधिक उरते. बॅटरी वाढवावी तर बारदान वाढते, आणि ते उचलावयास पुन्हा बॅटरी हवी.

पुण्याच्या सागर डिफेन्स या कंपनीने ‘वरुण’ नावाचे माणूस वाहून नेणारे ड्रोन बनविले व जुलै 2022 मध्ये दिल्लीत पंतप्रधानांसमोर त्याचे प्रात्यक्षिक झाले. कामगिरी खरोखर अभिमानास्पद आहे. त्याची वहनक्षमता 130 किलो आणि पल्ला सुमारे 25 किलोमीटर सांगितला गेला. आता शंभर क्विंटल गहू सिमरोलहून खंडव्यास न्यावयाचा म्हटले, तर 77 खेपा होतात, आणि प्रत्येक खेपेत वाटेत तीन-चार वेळा बॅटरी बदलावी लागते. भाडे किती पडेल ते वाचकांनीच काढावे!

हवेच्या गादीवर चालणारे हॉवरक्राफ्ट 1959 साली इंग्लिश खाडी ओलांडून गेले. तेथील त्याची प्रवासी वाहतूक 2000 साली बंद पडली. आपल्या तटरक्षक दलाकडे अशी वाहने आहेत. दलदल व उथळ पाणी हे त्यांचे खरे क्षेत्र, घाट नव्हे. चुंबकशक्तीने तरंगणाऱ्या गाडीची गोष्ट निराळी. जपानमध्ये 2015 साली अशा गाडीने ताशी 603 किलोमीटर वेग गाठला, आणि आपल्या इंदुरातील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रानेही 2019 साली तिचा छोटा नमुना तयार केल्याचे प्रसिद्ध झाले होते. पण तिला सबंध वाटभर खास मार्ग बांधावा लागतो, व तो खर्च प्रवाशांच्या तिकिटांतून निघणेही अवघड. गव्हाच्या भाड्यातून कसा निघावा?

भांडवलाविषयीही थोडे लिहितो. खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकर महाराजांनी 1870 साली इंग्रज सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, ते साडेचार टक्के व्याज आणि 101 वर्षांची मुदत ठरवून. गाडी पातालपाणीचा घाट चढून आली व तिने शंभरांहून अधिक वर्षे माल वाहिला. उलट, पुणे-मुंबई अंतर 25 मिनिटांत तोडणाऱ्या हायपरलूपचा करार 2018 साली गाजावाजाने झाला, आणि ती कंपनी 2023 च्या अखेरीस बंद पडली. सुदैवाने त्या भरवशावर कोणी आपले ट्रक विकल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मग आपल्या धंद्यात या विद्येला स्थानच नाही काय? आहे, पण पोत्यासाठी नव्हे. डिसेंबर 2021 मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावी ड्रोनने 300 लसी पोहोचविल्या. हलकी, मौल्यवान आणि तातडीची वस्तू त्यास परवडते. आपल्याकडे अशी वस्तू म्हणजे धान्याचा नमुना. अर्ध्या किलोच्या पुडीसाठी सौदा दिवसभर खोळंबतो, आणि ओलावा तपासून येईपर्यंत भाव फिरतो. सिमरोललाच भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे मोठे आवार आहे. संस्थेच्या कार्यकारी मंडळाने तेथील प्राध्यापकांस भेटून, गोदामापासून प्रयोगशाळेपर्यंत नमुना हवेतून नेण्यास दर खेपेस काय पडेल आणि पावसाळ्यात ते साधेल काय, एवढे दोन प्रश्न विचारावेत. ट्रकांचा निर्णय मात्र त्यासाठी अडवून धरू नये. घाटात बोगदे काढून रस्ता रुंद करण्याचे काम सरकारने हाती घेतलेच आहे.