'देव नाही' या फलकाला उत्तर कोणते?

शास्त्रपाठ : स्तोत्र १४, १ शमुवेल २५, रोम २:१७-२४ व ३:९-१२

चंडीगडला येणाऱ्या प्रवाशाची भगतसिंगांशी गाठ उतरताक्षणीच पडते. येथील विमानतळाला २०२२ साली त्यांचे नाव देण्यात आले. मोटारींच्या काचांवर आणि ट्रकांच्या पाठीवर त्यांची छबी नेहमीच दिसते. याच भगतसिंगांनी १९३० साली लाहोरच्या तुरुंगात 'मी नास्तिक का आहे' हा निबंध लिहिला. त्यांच्या फाशीनंतर तो २७ सप्टेंबर १९३१ रोजी 'द पीपल' या लाहोरच्या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. पंजाबात त्याच्या पुस्तिका आजही वाचल्या जातात, आणि २३ मार्चच्या सुमारास त्याचे मथळे फलकांवरही चढतात. असाच एक फलक पाहून आलेल्या तरुणाने येथील मराठी कुटुंबांच्या आमच्या अभ्यासवर्गात मला विचारले, "काका, त्याच्या शेजारी स्तोत्र १४ चे पहिले वचन मोठ्या अक्षरांत लावू या का?" कागद त्याने आणलाही होता.

मी त्याला थांबविले, आणि आम्ही त्या वचनातील एका शब्दापाशीच बसलो.

आपल्या मराठी शास्त्रात तेथे 'मूढ' हा शब्द आहे. शब्द वाईट नाही. परंतु वाचकाच्या मनात तो बुद्धिमांद्याचा अर्थ उभा करतो. इब्री भाषेत मूर्खासाठी अनेक शब्द आहेत. नीतिसूत्रांत 'केसील' व 'अवील' हे वारंवार येतात. स्तोत्रकर्त्याने मात्र 'नाबाल' हा शब्द वापरला आहे. हा शब्द बुद्धीपेक्षा वृत्तीविषयी बोलतो. यशया ३२:६ मध्ये अशा मनुष्याचे लक्षणच दिले आहे : तो भुकेल्याला रिकामा ठेवतो आणि तान्हेल्याचे पाणी तोडतो.

याच नावाचा एक मनुष्य आपल्याला १ शमुवेल २५ मध्ये भेटतो. कर्मेल येथील हा नाबाल व्यवहारात मुळीच मूर्ख नव्हता. तीन हजार मेंढरे व एक हजार शेरडे बाळगणाऱ्याला मूर्ख कोण म्हणेल? देव नाही असे त्याने उघडपणे कधी म्हटल्याची नोंद नाही. दाविदाच्या माणसांनी रानात त्याच्या कळपांचे रक्षण केले होते. ते लोकर कातरण्याच्या सणाला अन्न मागावयास आले तेव्हा त्याने त्यांना हाकलून दिले, आणि घरी राजासारखी मेजवानी मांडली. स्तोत्र १४ च्या चौथ्या वचनातील दुष्कर्मी लोकही देवाच्या प्रजेला भाकरीसारखे खातात. शिवाय तेथील मूढ आपले म्हणणे मनात म्हणतो. तो ते भिंतीवर लिहीत नाही. मुखाने त्याने रोज प्रार्थना म्हटली, तरी हे वचन त्याला लागू होतेच.

आता तो कागद भगतसिंगांच्या चित्राशेजारी लावून पाहा. नाबालाने मेजवानी केली. या तरुणाने १९२९ साली कैद्यांच्या हक्कांसाठी तुरुंगात दीर्घ उपोषण केले. अहंकारामुळे तो नास्तिक झाला, हा आरोप त्याच्या हयातीतच झाला होता, आणि निबंधाचा आरंभ त्या आरोपाच्या उत्तरानेच होतो. आपले उपदेशकही हाच आरोप सहज करतात. मीही व्यासपीठावरून तो केला आहे, हे कबूल करतो. निबंधाचा गाभा वेगळाच आहे. सर्वसमर्थ देवाने दुःखाने भरलेले जग का केले, असे विचारून लेखक अशा देवाची तुलना नीरोशी व चंगीजखानाशी करतो. त्याच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. माझ्या मते, त्याने नाकारलेला देव दुरून पाहणारा सम्राट आहे. वधस्तंभावर स्वतः आक्रोश करणारा त्या निबंधात आलेलाच नाही. परंतु तो प्रश्न ईयोबाचा आहे, हबक्कूकाचाही आहे, आणि त्यांना देवाने नाबाल म्हटले नाही.

जाहिरातीचा वाद इंग्लंडातही झाला. २००८ साली लंडनच्या बसवर एक ख्रिस्ती जाहिरात लागली. तिच्या मागे जाणाऱ्या वाचकास अविश्वासणाऱ्यांसाठी अग्निसरोवर राखून ठेवल्याची धमकी मिळे. एरियन शेरीन या लेखिकेने त्याला प्रत्युत्तर सुचविले. साडेपाच हजार पौंड मागितले होते, लाखाहून अधिक जमले. जानेवारी २००९ मध्ये ब्रिटनभर ८०० बसवर मजकूर झळकला : देव बहुधा नाही; तेव्हा चिंता सोडा व जीवनाचा आनंद घ्या. तक्रारी झाल्या, जाहिरात नियामकाने त्या फेटाळल्या. मेथडिस्ट मंडळीने मात्र लोक देवाविषयी बोलू लागले म्हणून स्वागत केले, आणि 'थिऑस' या ख्रिस्ती विचारसंस्थेने मोहिमेला ५० पौंडांची देणगी दिली! त्या 'बहुधा' शब्दाची गंमत भाषांतरकाराला वाटल्यावाचून राहत नाही. तमिळनाडूत पेरियारांच्या पुतळ्यांखालील लेखात असा 'बहुधा' नाही. तेथे साफ नकार कोरलेला आहे, आणि २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयाने तो काढण्यास नकार दिला.

परंतु लंडनच्या प्रकरणात पहिला फलक आपला होता, हे विसरू नये. पंजाबकडे या दृष्टीने पाहावे. येथील तर्कशील सोसायटी १९८४ पासून चमत्कार करून दाखविणाऱ्यांना बक्षिसाचे जाहीर आव्हान देत आली आहे. तिचे प्रेरणास्थान डॉ. अब्राहम कोवूर हे मार थोमा मंडळीच्या एका पाळकाचे पुत्र. आणि त्याच पंजाबात हमखास आरोग्याचे आश्वासन देणारे ख्रिस्ती सभांचे फलकही गावोगाव दिसतात. प्रभू आजाऱ्यांना बरे करतो असा माझा विश्वास आहे. पण तारीख व वेळ छापून त्याची हमी देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? अशा सभेतून आजारी मुलाला तसेच परत नेणाऱ्या आईने 'देव नाही' असे म्हटले, तर तो फलक कोणी लिहिला म्हणावे? देवाच्या नावाची परराष्ट्रीयांत निंदा होते त्याचा दोष रोम २:२४ मध्ये पौल निंदकांवर ठेवीत नाही. तो नियमशास्त्राची प्रौढी मिरविणाऱ्यांवर ठेवतो. पुढच्याच अध्यायात तो स्तोत्र १४ चा आधार घेतो, तोही नास्तिकांविरुद्ध नव्हे, तर यहूदी व हेल्लेणी सगळेच पापवश आहेत हे दाखविण्यासाठी.

आणखी एक गोष्ट त्या तरुणाला ठाऊक नव्हती. रोमी साम्राज्यात 'नास्तिक' ही शिवी आपल्याच पूर्वजांना मिळत असे, कारण त्यांच्याजवळ मूर्ती नव्हती. स्मुर्णा येथे वृद्ध पॉलिकार्पाच्या वधाच्या वेळी जमाव नास्तिकांच्या नाशाची मागणी करीत होता.

कागद लागला नाही. त्याऐवजी आम्ही तो निबंध आरंभापासून शेवटपर्यंत वाचला; त्याला दोन बैठका लागल्या. तिसरीसाठी हबक्कूकाचा पहिला अध्याय ठरला, आणि फलक लावणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एकाला बोलावण्याचे त्या तरुणाने आपल्याकडे घेतले.